पास आहे, पण पायरी कशी चढायची? ‘सगळ्यांसाठी बस’ म्हणजे नक्की काय

बेळगावात बसचा विषय निघाला की बोलणं फिरून फिरून तीनच गोष्टींवर येतं, गर्दी, शक्ती योजना (कर्नाटकात बायकांना फुकट बसप्रवास) आणि बोर्डावरची भाषा. पायरीबद्दल कोणी बोलत नाही. ज्याला ती पायरी चढता येत नाही तो बोलायला स्टॉपवर नसतोच की, तो घरात बसलेला असतो नाहीतर रिक्षावाल्याला मागेल तेवढे पैसे देत असतो.

८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं राजीव रतुरी खटल्यात निकाल दिला, सार्वजनिक जागा आणि गाड्या दिव्यांगांना वापरता याव्यात म्हणून केलेला तो खटला. रतुरी स्वतः दृष्टिहीन आहेत, याचिका २००५ ची, म्हणजे निकाल यायला जवळजवळ वीस वर्षं गेली. पेपरात बातमी आली ती अशी की वाचून कोणाला काही कळू नये, नियम १५, शिफारसवजा, बंधनकारक असले शब्द आणि संपलं. पण त्या निकालाचा संबंध थेट आपल्या सीबीटी बसस्टँडवरून सुटणाऱ्या वडगाव-अनगोळ गाडीशी आहे, तो कसा ते जरा सावकाश बघूया.

आधी, दिव्यांग म्हणजे कोण कोण

दिव्यांग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर व्हीलचेअर येते. कायद्यात यादी बरीच मोठी आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात ते २१ झाले. यात न दिसणारे, कमी दिसणारे, ऐकू न येणारे, पोलिओनं पाय गेलेले, स्वमग्न मुलं, पार्किन्सनचे पेशंट, थॅलेसेमियावाले असे सगळे आहेत. सर्टिफिकेटवर ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक सवलती लागू होतात.

म्हणून ‘बस दिव्यांगांसाठी सोयीची करा’ म्हणजे फक्त एक रॅम्प लावा असं होत नाही. ज्याला चालता येत नाही त्याला पायरी नडते, ज्याला दिसत नाही त्याला पायरी नडत नाही पण कुठली गाडी आली ते कळत नाही, ज्याला ऐकू येत नाही त्याला बोर्ड वाचता येतो पण कंडक्टर ‘पुढं जाणार नाही, उतरा’ म्हणून ओरडला ते समजत नाही.

इथं एकच सरकारी शब्द लक्षात ठेवा, सुगम. कुणाच्या मेहेरबानीवर न राहता स्वतःच्या स्वतः वापरता येणारी गोष्ट म्हणजे सुगम. बाकीचे अवघड शब्द आपण टाळूया.

पायरी किती उंच, आणि ती कोणी ठरवली

वडगावात आमच्या ओळखीचे एक काका आहेत. लहानपणी पोलिओ झालेला, एका पायात कॅलिपर म्हणजे आधाराचा सांगाडा, काखेत कुबडी. ते गाडीत चढतात ते बघण्यासारखं असतं, म्हणजे बघवत नाही खरं तर. आधी कुबडी आत टाकतात, मग दोन्ही हातांनी दाराचा दांडा धरतात, चांगला पाय पायरीवर ठेवून सगळं अंग हातांच्या जोरावर वर ओढतात आणि कॅलिपरचा पाय मागून येतो. एवढं होईपर्यंत मागची माणसं ढकलत असतात आणि कंडक्टरची शिट्टी वाजलेली असते. चप्पल खाली राहिली तर राहिली. पावसात दांडा ओला असला की ते गाडी सोडून देतात, आणि बेळगावात पाऊस म्हणजे किती महिने ते तुम्हाला सांगायला नको.

हे असं का होतं, तर गाडीच्या फरशीची उंची. आपल्या बहुतेक साध्या गाड्या ट्रकसारख्या चॅसीवर बांधलेल्या असतात, इंजिन, ॲक्सल सगळं खाली आणि फरशी वर, जमिनीपासून मीटरभर. शहरी बससाठी केंद्र सरकारनं जी मापं ठरवलीत त्यात तीन प्रकार आहेत, ९०० मिलिमीटर, ६५० आणि ४००. यातली ४०० वाली ती लो फ्लोअर, म्हणजे फरशी साधारण घराच्या दोन पायऱ्यांएवढीच वर.

आता हिशोब करा. व्हीलचेअरवरच्या माणसाला स्वतः चढता यावा असा रॅम्प करायचा तर इमारतींसाठीचं माप आहे एकास बारा, म्हणजे एक फूट उंची गाठायला बारा फूट लांबीचा उतार. फूटपाथ १५ सेंटिमीटर धरला आणि गाडीची फरशी ९०, तर फरक ७५, म्हणजे रॅम्प नऊ मीटरचा. मोठी बसच बारा मीटरची असते! तो रॅम्प लावायचा कुठं, बोगारवेशीत का? फरशी ४० वर आणली की फरक राहतो २५, आणि चांगल्या लो फ्लोअर गाड्या स्टॉपवर दाराच्या बाजूला हवा सोडून आणखी थोड्या खाली वाकतात, मग दाराखाली दुमडून ठेवलेली एक फळी बाहेर काढली की काम होतं. तिचा उतार इमारतीच्या रॅम्पपेक्षा उभा असतो, मागून थोडा हात लावावा लागतो, पण माणूस खुर्चीसकट आत जातो.

म्हणजे गाडी रस्त्यावर आल्यावर आपण ड्रायव्हर-कंडक्टरशी भांडतो, पण खरा निर्णय कधी झाला? गाड्या विकत घ्यायचं टेंडर निघालं तेव्हा. त्या कागदावर ४०० लिहिलं का ९०० लिहिलं यावर पुढची दहा-बारा वर्षं कोण बसमध्ये बसणार आणि कोण नाही ते ठरलं. कंडक्टर बिचारा नंतर शिव्या खातो.

हुबळीत चिगरी चालते ती कशी

गंमत म्हणजे फरशी खाली आणणं हा एकच उपाय नाही. हुबळी-धारवाडची चिगरी बस बघितलीच असेल. २०१८ पासून धावतेय, साधारण २२ किलोमीटरचा तो रस्ता, मधोमध बसची वेगळी लेन. या गाड्यांची फरशी उंचच आहे. पण स्टेशनचा प्लॅटफॉर्मही तितकाच उंच बांधला, रेल्वेपेक्षा बरा, गाडी लागली की पाऊल सरळ आत. म्हाताऱ्या बायका, पोरं कडेवर घेतलेल्या आया, सगळ्यांना बरं.

हुबळीकर त्या बीआरटीएसवर, म्हणजे या वेगळ्या लेनच्या बससेवेवर, कितीही वैतागू देत, ही गोष्ट तिथं जमलीय आणि ती आपल्यापासून दोन तासांवर आहे, स्वीडनला जाऊन बघायची गरज नाही. पण त्यातच खोच पण दिसते. स्टेशन रस्त्याच्या मधोमध, म्हणजे तिथं पोचायला धावत्या गाड्यांतून अर्धा रस्ता ओलांडायचा. ड्रायव्हरनं गाडी प्लॅटफॉर्मला नीट चिकटवली नाही तर मध्ये फट, फटीत व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक अडकतं. तेव्हा नुसती गाडी नाही, घराच्या दारापासून उतरायच्या ठिकाणापर्यंत सगळंच जुळून यावं लागतं. एक जागा तुटली की बाकीचा खर्च पाण्यात.

आपल्याकडं स्मार्ट सिटीत बेळगावचा नंबर पहिल्याच यादीत लागला होता, जानेवारी २०१६ मध्ये. फूटपाथ झाले, त्यावर पिवळ्या उठावदार फरश्या आल्या. त्या पिवळ्या फरश्या शोभेसाठी नाहीत बरं का, लांब रेघांची फरशी म्हणजे सरळ चला, गोल टिकल्यांची फरशी म्हणजे थांबा, पुढं वळण किंवा रस्ता आहे. पांढऱ्या काठीनं आणि बुटाच्या तळव्यानं ते कळतं. आता खानापूर रोडला एकदा खाली बघत चाला. फरशीवर कुठं बुलेट उभी, कुठं नारळवाल्याचा ढीग, कुठं रेघ सरळ जाऊन खांबाला धडकते. फूटपाथवर टू-व्हीलर चढू नयेत म्हणून खांब रोवायचे, आणि दोन खांबांतून व्हीलचेअर जाणार नाही एवढ्या जवळ रोवायचे, हे पण आपणच करतो.

गाडी आली, पण कुठली?

हा मुद्दा सीमाभागातल्या माणसाला लगेच कळेल. आपल्या घरातली आजी, जिला कन्नड वाचता येत नाही, ती स्टॉपवर काय करते? गाडी आली की शेजारच्याला विचारते, ‘बाळा, ही येळ्ळूरला जाते काय रे?’ शेजारी कोणी नसेल तर कंडक्टरला विचारायला धावते, तोवर गाडी हलते. गाडी आहे, पैसे आहेत, पाय धड आहेत, तरी पण ती दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत उभी. दृष्टिहीन माणसाचं रोज, प्रत्येक गाडीला, हेच होतं, आणि त्याच्यासाठी बोर्ड कुठल्याही भाषेत लावला तरी फरक पडत नाही. (बोर्डाच्या भांडणात मला इथं पडायचं नाही, तो वेगळा विषय आहे आणि तो बेळगावात कधी संपत नाही.)

यावर उपाय आवाजाचा. गाडीच्या आत ‘पुढचा स्टॉप गोगटे सर्कल’ असं स्पीकरवर सांगणं आणि तेच पट्टीवर अक्षरांत दाखवणं, म्हणजे न दिसणारा आणि न ऐकू येणारा दोघांचं काम होतं. पण आतलं ऐकायला आधी गाडीत तर चढायला पाहिजे. त्यासाठी दिल्ली आयआयटीच्या असिस्टेक लॅबनं ‘ऑनबोर्ड’ नावाचं यंत्र काढलंय. प्रवाशाच्या हातात छोटं बटणाचं यंत्र, ते दाबलं की जवळ आलेल्या गाडीचा नंबर सांगितला जातो, मग आपली गाडी निवडली की त्या गाडीच्या दाराजवळच्या स्पीकरमधून आवाज येतो. आवाजाच्या दिशेनं गेलं की दार सापडतं. एवढं नाही जमलं तरी कंडक्टरनं दारात उभं राहून गावाचं नाव मोठ्यानं म्हणणं, जे वडापवाला (खासगी जीपवाला) न चुकता करतो, तेवढं केलं तरी निम्मं काम होतंय. वडापवाला ते पोटासाठी करतो ते सोडा.

‘पास दिलाय की, अजून काय पाहिजे?’

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न. कर्नाटकात दिव्यांगांना बसचा वर्षाचा पास ६६० रुपयांत मिळतो, राहत्या ठिकाणापासून शंभर किलोमीटरपर्यंत चालतो, दृष्टिहीनांना पास मोफत. अर्ज सेवा सिंधु पोर्टलवर, सोबत यूडीआयडी म्हणजे केंद्राचं दिव्यांग ओळखपत्र. बायकांसाठी ११ जून २०२३ पासून शक्ती योजना आहेच. पलीकडं महाराष्ट्राच्या एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सूट आहे. चांगल्या गोष्टी आहेत, वाद नाही.

पण पास तिकिटाचे पैसे वाचवतो, पायरी खाली करत नाही. ज्याला चढताच येत नाही त्याच्या खिशातला पास आणि माझ्या खिशातलं विमानाचं जुनं तिकीट, किंमत सारखीच.

आणि त्यातला आणखी एक विचित्रपणा बघा. बंगळुरात व्होल्वोच्या लो फ्लोअर सिटी बस २००६ पासून आहेत. पण त्या एसी, आणि शक्ती योजना एसी गाडीत चालत नाही. म्हणजे बरीच वर्षं परिस्थिती अशी की बाईनं फुकट जायचं तर पायऱ्या चढा, पायऱ्या नको असतील तर जास्त पैसे मोजा. आता तिथं बिनएसी लो फ्लोअर ई-बस आल्यात म्हणून जरा बरं झालंय.

सीमाभागात यात अजून एक गाठ आहे. निपाणीच्या माणसाचा दवाखाना कोल्हापुरात किंवा मिरजेत, नातेवाईक चंदगडात, आणि स्टॉपवर कधी कर्नाटकची गाडी येते कधी लाल एसटी. कर्नाटकचा पास कर्नाटकच्या महामंडळांच्या गाडीत, एसटीची सवलत एसटीच्या नियमानं. ओळखपत्र देशभराचं एक, पण सवलत प्रत्येक महामंडळाची वेगळी. ज्याला चटकन गाडी बदलता येत नाही त्यालाच आपण ‘आमची गाडी येईपर्यंत थांबा’ म्हणतो.

‘माणसं मदत करतात की’

करतात. आपल्याकडची माणसं वाईट नाहीत, चौघं मिळून खुर्चीसकट उचलून आत ठेवतील. पण रोज सकाळी कामावर जाताना आणि रोज संध्याकाळी परत येताना अनोळखी माणसांनी काखेत हात घालून उचललेलं तुम्हाला चालेल काय? मुलगी असेल तर? बॅटरीवर चालणारी खुर्ची असेल तर ती उचलणं चौघांच्या पण हातचं नाही. उचलताना पाय सटकला तर पडणारा तोच, आणि ‘अशा माणसानं घरी बसावं’ हे ऐकणारा पण तोच.

राखीव सीटचं तर विचारूच नका. पाटी असते, पाटीखाली धडधाकट माणूस झोपलेला असतो किंवा झोपेचं सोंग घेतलेला असतो. मात्र कंडक्टरनं एकदा आवाज चढवला की उठतो, हे पण बघितलंय.

‘आपल्या रस्त्यांवर लो फ्लोअर टिकणार काय?’

हा आक्षेप मात्र खरा आहे, टाळून चालणार नाही. खाली आणलेली गाडी उंच स्पीडब्रेकरवर घासते, खड्ड्यात आदळते, पावसाचं पाणी आत येतं, आणि मच्छे-पिरनवाडीच्या पुढं खेड्यातल्या रस्त्यावर तर तिचे हालच. किंमतही साध्या गाडीपेक्षा जास्त.

पण हेच कारण दुसऱ्या शहरांतही सांगितलं गेलं. चेन्नईत प्रकरण मद्रास हायकोर्टापर्यंत गेलं, रस्ते, पाणी सगळ्याचा काथ्याकूट झाला आणि २०२४ मध्ये लो फ्लोअर गाड्या रस्त्यावर आल्याच. दिल्लीनं तिसरी वाट काढली, उंच फरशीच्या हजार गाड्या घेतल्या पण प्रत्येकीला हायड्रॉलिक लिफ्ट, खुर्ची फळीवर घ्यायची आणि फळी वर उचलायची. लिफ्टचा तोटा असा की ती चालवायला माणूस लागतो, वेळ जातो, आणि रोज वापरली नाही तर गंजून बसते. म्हणून माझं मत सरळ आहे, शहरातल्या ठराविक रूटला, म्हणजे सीबीटी, रेल्वे स्टेशन, सिव्हिल हॉस्पिटल, कॉलेज रोड, टिळकवाडी असल्या ठिकाणी लो फ्लोअर, आणि तालुक्याच्या गाड्यांना निदान पहिली पायरी खाली, दांडे धड आणि कुबडी ठेवायला जागा. सगळीकडं एकच गाडी पाहिजे असं कोणी म्हणत नाही. आणि खरं सांगायचं तर स्पीडब्रेकर मापात केला तर तो सगळ्यांच्याच कमरेला बरा.

‘असे प्रवासी आहेत तरी किती?’

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख, कर्नाटकात १३ लाख २४ हजार. आणि ती मोजणी जुन्या, छोट्या यादीनुसार झालेली, २१ प्रकार त्यानंतर आले. ‘पोलिओ तर गेला की आता’ असं पण म्हणतात. गेला, भारतातला शेवटचा पेशंट जानेवारी २०११ चा. पण ज्यांना आधी झाला ते कुठं गेले? ते आता चाळिशी-पन्नाशी-साठीत आहेत, इतकी वर्षं हातांच्या जोरावर चढले, आता खांदे गेले.

बसमध्ये दिसत नाहीत म्हणून ते नाहीत असं नसतंय. ज्यांना जमतं त्यांनी बाजूला दोन चाकं लावलेली स्कूटर घेतलीय. पण डोळे नसलेल्या माणसाला ती चालवता येत नाही, आणि ज्याच्याकडं तेवढे पैसे नाहीत किंवा सरकारी स्कूटरच्या यादीत नंबर लागला नाही तो घरी. शिवाय खाली फरशीची गाडी आली की गुडघेदुखीची मावशी, बाळंतीण, प्लॅस्टर घातलेला पोरगा, आठवड्याच्या बाजारातून पिशव्या आणणारी बाई, सगळे तिच्यातूनच जाणार.

मग कोर्टानं नक्की काय केलं?

२०१६ च्या कायद्याचं ४१ वं कलम सांगतं की बसस्टँड, तिकीट खिडकी, टॉयलेट, गाड्या, सगळं सुगम पाहिजे. जुन्या गाड्या बदलायच्या बाबतीत मात्र ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य, सुरक्षित आणि परवडत असेल तर’ अशी पळवाट ठेवलीय, आणि तिथूनच सगळे पळतात. कायद्याखाली २०१७ मध्ये नियम झाले. त्यातल्या नियम १५ नं वेगवेगळ्या खात्यांची मार्गदर्शक पुस्तकं जोडून दिली, पण त्या पुस्तकांत भाषा होती ‘असे करावे’, ‘असे असल्यास बरे’. कायदा म्हणतो सक्ती, नियमाखालची पुस्तकं म्हणतात जमलं तर बघा. सुप्रीम कोर्टानं म्हटलं की हे कायद्याच्या विरुद्ध आहे, जे किमान पाहिजेच ते वेगळं काढून सक्तीचं करा, आणि त्यासाठी केंद्राला तीन महिने दिले.

त्याआधीच, २०१९ च्या अखेरीला, केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन १ मार्च २०२० पासूनच्या नव्या बसला राखीव सीट, तिथं धरायला दांडा, कुबडी-काठी-वॉकर अडकवायची सोय आणि व्हीलचेअर आत घेऊन बांधून ठेवायची सोय सांगितलेली आहे. तेव्हा नवीकोरी गाडी दिसली की आत जाऊन एवढं बघा, कुबडी ठेवायचा हूक कुठाय विचारा. कंडक्टर चक्रावून बघेल, बघू दे.

कायदा मोडला तर ८९ व्या कलमाखाली पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, परत मोडला तर पन्नास हजार ते पाच लाख.

तक्रार करायची तर कुठं

पहिलं डेपो मॅनेजरकडं, लेखी. आपल्या भागातल्या गाड्या वायव्य कर्नाटक परिवहनच्या, मुख्य ऑफिस हुबळीत. खेड्यात राहत असाल तर ग्रामपंचायतीत व्हीआरडब्ल्यू असतो किंवा असते, दिव्यांगांची कामं बघायलाच नेमलेली व्यक्ती, तिला गाठा. जिल्ह्याला दिव्यांग व ज्येष्ठ नागरिक सबलीकरण खात्याचं ऑफिस आहे. तिथून पण नाही झालं तर राज्याचे दिव्यांग आयुक्त, बंगळूर. त्यांना कायद्यानं दिवाणी कोर्टासारखे काही अधिकार आहेत, साक्षीला बोलावू शकतात, कागद मागवू शकतात.

तक्रारीत ‘फार त्रास होतो’ असं मोघम लिहू नका. गाडीचा नंबर, तारीख, वेळ, कुठला स्टॉप, काय झालं, शक्य असेल तर पायरीला टेप लावून मापाचा फोटो. कन्नडमध्ये लिहून दिलं तर टेबलावरून लवकर हलतं, कोणाकडून तरी लिहून घ्या. पोच घेतल्याशिवाय मात्र उठू नका.

आणि एक नजर टेंडरवर ठेवा. केंद्राची पीएम ई-बस सेवा योजना २०२३ ला आली, दहा हजार ई-बसची, तीन लाखांवर लोकवस्तीच्या शहरांसाठी, आणि बेळगाव २०११ लाच ४ लाख ८८ हजारांचं होतं. आपल्या भागासाठी नव्या गाड्यांचा कागद निघाला की त्यात एकच आकडा शोधा, फरशीची उंची किती मिलिमीटर. हरकत घ्यायची ती तेव्हाच, कारण गाड्या डेपोत येऊन लागल्यावर मग ऑफिसात एकच उत्तर मिळतं, आता घेतल्यात की हो.